सगळी जमीन बादशहाची!

हिंदुस्थानात थोरामोठ्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, हे फ्रान्स्वा बर्नियर या फ्रेंच डॉक्टराला चांगलं ठाऊक होतं. औरंगजेबाच्या झग्याला ओठ लावायचा मान मिळाला तेव्हा त्याने आठ रुपये नजर केले. फाजिलखान या बड्या उमरावापुढे सुरीचं म्यान, एक काटा आणि तृणमणी बसवलेला छोटा चाकू ठेवला. हा तपशील त्याने स्वतःच नोंदवला आहे, चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याला लिहिलेल्या लांबलचक पत्राच्या सुरुवातीला. बारा-एक वर्षांनी मायदेशी परतल्यावर इतक्या मोठ्या मंत्र्यापुढे काहीतरी नजराणा ठेवायलाच हवा, म्हणून त्याने हिंदुस्थानची माहितीच ठेवली. पुढची तीन शतकं युरोपात जी गोष्ट जवळजवळ सिद्धान्तासारखी फिरली, ती या पत्रात ठळकपणे आली आहे: मोगल बादशहा हाच राज्यातल्या सगळ्या जमिनीचा मालक. प्रजेपैकी कुणाचंच काही नाही. तुर्कस्तान आणि इराणातही तेच. जिथे माझं-तुझं नाही तिथे शेताचा बांध कुणी घालत नाही, पाटाची दुरुस्ती करत नाही, घर शाकारत नाही आणि देश उजाड होतो.

बर्नियर खोटारडा नव्हता. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय प्रवाशांत त्याच्याइतका जाणता माणूस विरळाच. मग त्याला हे असं का दिसलं? त्याचं उत्तर दिल्लीत जितकं सापडतं तितकंच युरोपातही सापडतं. कारण इस्लामी सत्तेविषयी काय दिसायला हवं, हे दीडशे वर्षं तिथे आधीच ठरत आलं होतं.

सुरुवात अर्थातच भीतीची. १४५३ मध्ये तुर्की सुलतान दुसऱ्या मेहमदाने कॉन्स्टँटिनोपल घेतलं. १५२९ मध्ये सुलेमानाचं सैन्य व्हिएन्नाच्या तटाशी येऊन ठेपलं. चर्चमधून तुर्कांविरुद्ध प्रार्थना होत. तुर्क म्हणजे आपल्या पापांची शिक्षा म्हणून देवाने उगारलेला आसूड, असं मार्टिन ल्यूथरही म्हणत असे. पण राजकारण समजणाऱ्या माणसांच्या लिखाणात भीतीबरोबर आणखीही एक भावना दिसते, ती म्हणजे असूया. मॅकियाव्हेलीने १५१३ मध्ये लिहिलेल्या ‘द प्रिन्स’मध्ये तुर्की सुलतान आणि फ्रान्सचा राजा यांची तुलना केली आहे. फ्रान्सच्या राजाभोवती पिढीजात सरदारांचा गराडा. त्यांच्या वाट्याला राजाला जाता येत नाही, आणि शत्रूला मात्र त्यांच्यातला एखादा फितूर सहज मिळतो. सुलतानाचे सगळे अधिकारी त्याचे चाकर. त्यांना तो नेमतो, हलवतो, काढून टाकतो. म्हणून तुर्कस्तान जिंकायला कठीण. पण एकदा जिंकलं की ताब्यात ठेवायला सोपं. या विवेचनात इस्लाम धर्माचा विषयच नाही. आहे तो कारभाराच्या दोन पद्धतींचा थंड डोक्याने केलेला हिशेब.

ही असूया सगळ्यात जवळून पाहायची असेल तर ओझिए द बुसबेकची पत्रं वाचावीत. हा फ्लँडर्सचा माणूस ऑस्ट्रियाच्या फर्डिनांडचा वकील म्हणून १५५४ मध्ये सुलतानाकडे गेला आणि १५६२ पर्यंत, बराच काळ जवळजवळ नजरकैदेतच, तिथे राहिला. अमास्याच्या छावणीत सुलेमानाची पहिली भेट झाली. हजारो माणसं जमली होती, पण कुठे कुजबुज नाही. दूरवर जानिसारी सैनिकांची रांग उभी होती, इतकी निश्चल की ही माणसं आहेत की पुतळे, हे बुसबेकला कळेना. कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने मुजरा केला, तेव्हा सगळ्या माना एकदम झुकल्या. त्याला त्याहूनही नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या सबंध मेळाव्यात घराण्याच्या नावावर मोठा झालेला एकही माणूस नव्हता. धनगराचा पोर वजीर होऊ शकत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. आमच्याकडे मात्र जन्म पाहतात, गुण पाहत नाहीत, अशी खंत या सरदारघराण्यातल्या अनौरस मुलाने लिहून ठेवली आहे. (त्याआधी बापाने खटपट करून त्याला औरस ठरवून घेतलं होतं, हे लक्षात ठेवलं की त्या वाक्यातली कळ समजते.)

त्याने पाहिलं ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतून मुलं सक्तीने उचलून आणायची, त्यांना मुसलमान करायचं, शिकवायचं आणि त्यांतून सेनापती, वजीर घडवायचे, अशी ही व्यवस्था होती. सोकोल्लू मेहमद पाशा हा असाच सर्ब घरातून आणलेला मुलगा १५६५ पासून १५७९ पर्यंत महावजीर होता. गुणांची कदर खरी, पण तिची किंमत कुठल्या तरी खेड्यातल्या आईबापांनी मोजलेली असे.

तुर्क हा ख्रिस्ती जगाचा वैरी, असं सगळेच म्हणत. पण वागताना हे वैर सोयीने बाजूला पडे. स्पेनच्या राजाशी झगडणाऱ्या फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने सुलेमानाशीच हातमिळवणी केली. १५४३ च्या हिवाळ्यात खैरुद्दीन बार्बारोसाचं तुर्की आरमार तुलाँ या फ्रेंच बंदरात मुक्कामाला आलं, तेव्हा त्याला जागा व्हावी म्हणून राजाने गावकऱ्यांना घरं सोडायला लावली. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथला १५७० मध्ये पोपने बहिष्कृत केलं. त्यानंतर दहाच वर्षांत तिच्या व्यापाऱ्यांना तिसऱ्या मुरादकडून सवलती मिळाल्या. इंग्लंडातून तोफांच्या कामी येणारं कथील आणि शिसं तुर्कस्तानला जाऊ लागलं. सुलतानाला लिहिलेल्या पत्रात आपण मूर्तिपूजेच्या विरोधात धर्माचं रक्षण करणाऱ्या आहोत, असं राणीने आवर्जून नमूद केलं. आम्ही प्रॉटेस्टंट आणि तुम्ही मुसलमान, दोघेही मूर्ती न मानणारे, ही सूचना त्यात होती. कॅथलिक स्पेनच्या नाकावर टिच्चून केलेला हा मुत्सद्दीपणा होता.

धर्माच्या पातळीवर गोष्टी इतक्या लवचीक नव्हत्या, तरी तिथेही गमती आहेत. १५४२ मध्ये बाझेल शहरातल्या ओपोरिनस या मुद्रकाने कुराणाचं लॅटिन भाषांतर छापायला घेतलं. भाषांतर नवं नव्हतं; केटनच्या रॉबर्टने ते ११४३ साली, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी केलेलं होतं आणि तेव्हापासून हस्तलिखितांत फिरत होतं. नगरसभेने छापलेले कागद जप्त केले आणि मुद्रकाला कैदेत टाकलं. त्याच्या बाजूने पत्र कुणी लिहावं? ल्यूथरने. त्याचं म्हणणं असं की, हे पुस्तक लोकांसमोर उघडं करण्याइतका मोठा घाव महंमदावर दुसरा घालता येणार नाही. १५४३ मध्ये थिओडोर बिब्लियांडरच्या संपादनाखाली ग्रंथ बाहेर आला. हेतू खंडनाचा होता. पण छापलेला ग्रंथ छापणाऱ्याच्या हेतूला बांधील राहत नाही. पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत त्यातूनच अभ्यासाची वाट निघाली. १७०५ मध्ये उट्रेख्टच्या रेलांडने मुसलमानांच्या धर्माविषयी खुद्द मुसलमान काय म्हणतात ते लॅटिनमध्ये मांडलं आणि १७३४ मध्ये जॉर्ज सेलचं इंग्रजी कुराण आलं.

आता राजाच्या अमर्याद सत्तेकडे येऊ. सर टॉमस रो हे नाव आपल्याकडे जहांगीरच्या दरबारातला इंग्रज वकील म्हणून माहीत असतं. १६१५ मध्ये तो सुरतेला उतरला, अजमेरला बादशहाला भेटला, आणि या देशात लेखी कायदा नाही, राजाचा शब्द हाच कायदा, असं त्याने लिहून टाकलं. त्याला फारसी येत नव्हती. काझींचे निवाडे, हनफी फिकहचे, म्हणजे धर्मकायद्याचे, ग्रंथ, परगण्याची दफ्तरं यांच्याशी त्याचा संबंध आला नाही. त्याने पाहिला तो दरबार, आणि दरबार हा बादशहाची सत्ता डोळ्यांत भरावी म्हणूनच मांडलेला असतो.

याच रोची पुढची नेमणूक इस्तंबूलला झाली, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. तो तिथे पोचल्यावर काही महिन्यांतच, मे १६२२ मध्ये, जानिसाऱ्यांनी बंड केलं, सुलतान दुसऱ्या उस्मानला येदिकुलेच्या किल्ल्यात कोंडलं आणि गळा आवळून मारलं. सुलतान सतरा वर्षांचा होता. रोने ही हकिकत लंडनला कळवली. १६४८ मध्ये सुलतान इब्राहिमला पायउतार करताना शेख-उल-इस्लामचा, म्हणजे सर्वोच्च धर्मशास्त्र्याचा, फतवा घेतला गेला. म्हणजे सुलतानाला काढायलाही कायद्याचा कागद लागत होता. १६८७ मध्ये चौथा मेहमद गेला, १७०३ मध्ये दुसरा मुस्तफा. ज्याच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही असं युरोप म्हणत होता, त्याला सैनिक, उलेमा आणि बाजारपेठेतली माणसं मिळून एका शतकात अनेकदा खाली खेचत होती. तरीही ‘सर्वसत्ताधीश सुलतान’ ही प्रतिमा ढळली नाही. उलट सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून व्हेनिसच्या वकिलांच्या अहवालांतला सूर बदलत गेला होता. आधी शिस्त दिसत होती, आता जुलूम दिसू लागला. तुर्की सत्ता तीच, पण तिचा धाक ओसरत चालला तसं तिच्यात काय पाहायचं तेही बदललं.

या पार्श्वभूमीवर बर्नियर १६५८ च्या सुमारास हिंदुस्थानात आला. भाऊ औरंगजेबाशी हरून दारा शुकोह पळत होता. काही दिवस बर्नियर त्याच्या बरोबर होता. नंतर दानिशमंदखान या विद्वान उमरावाच्या पदरी त्याला नोकरी मिळाली. दुपारी दरबारातून आल्यावर खानाला तत्त्वज्ञानाच्या गप्पा लागत. त्याच्यासाठी बर्नियरने गॅसेंदी आणि देकार्त यांचे विचार फारसीत उतरवले, रक्ताभिसरणाविषयीचा हार्वीचा शोध समजावून दिला. खानाकडे एक मोठा संस्कृत पंडितही होता आणि बर्नियरला तीन वर्षं त्याचा सहवास लाभला. हे पंडित म्हणजे काशी-प्रयागचा यात्राकर शहाजहानकडून माफ करवून घेणारे कवींद्राचार्य सरस्वती असावेत, अशी मांडणी पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी केली. कवींद्राचार्य मूळचे गोदावरीकाठचे. त्यांच्या मुलखात शेत कुणाच्या नावावर असतं, एवढा एक प्रश्न बर्नियरने विचारला असता तर कोल्बेरला गेलेलं पत्र कदाचित निराळं झालं असतं!

कारण बर्नियरची चूक कुठे झाली ते नेमकं दाखवता येतं. त्याने पाहिली ती जहागीर. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. ठरावीक मुलखाचा महसूल गोळा करून त्यावर आपला आणि आपल्या घोडेस्वारांचा खर्च भागवण्याचा हक्क. हा हक्क बादशहा देई आणि काढून घेई. जहागीरदाराची तीन-चार वर्षांत बदली व्हायची, बदलीवरच्या सरकारी नोकरासारखी, त्यामुळे आज मिळेल तेवढं ओरबाडून घ्यावं, पुढच्याचं पुढचा बघेल, अशी त्याची वृत्ती. उमराव मेला की सरकार त्याच्या मालमत्तेवर हात ठेवी. हे सगळं बर्नियरने अचूक टिपलं आहे आणि कुणब्याच्या हालांविषयी तो जे लिहितो त्याला मोगल इतिहासाच्या अलीकडच्या अभ्यासकांनीही दुजोरा दिला आहे. पण फ्रान्समध्ये सरदार म्हणजे जमीनमालक. इथल्या सरदाराकडे जमीन नाही, तेव्हा ती बादशहाची असणार, अशी उडी त्याने मारली. त्या दोघांच्या खाली, गावात, कुणाचे काय हक्क आहेत तिकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

दख्खनच्या सुलतानशाह्यांतले कागद या बाबतीत बोलके आहेत. निजामशाही आणि आदिलशाहीच्या अमलात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतनं वंशपरंपरेने चालत, गहाण पडत, विकली जात. मिरासदार कुणब्याचं शेत त्याच्या मुलाला जाई आणि त्याला ते विकताही येई. खरेदीखतात ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ अनुभवण्याची भाषा असे. वतनाचा तंटा उभा राहिला तर गोतसभा बसे. काझी, देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार जमत, साक्षी होत आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. त्यावर काझीचा शिक्का पडे आणि ज्याला लिहिता येत नाही तो पाटील नांगराची निशाणी करी. भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘शिवचरित्र साहित्या’च्या खंडांतून असे कितीतरी कागद छापले आहेत. सुलतान महसूल घेई, कधी अन्यायाने जास्त घेई, रागावला तर वतन जप्तही करी. पण जप्त करावं लागे, याचा अर्थच ते आधी दुसऱ्या कुणाचं तरी होतं. बर्नियरला दख्खनची काहीच खबर नव्हती असंही नाही. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा फादर आम्ब्रोझ या कॅपुचिन साधूच्या घराला त्यांनी धक्का लावला नाही, ही गोष्ट त्याने कौतुकाने नोंदवली आहे. जमिनीच्या प्रश्नावर मात्र त्याची नजर दिल्लीवरून हलली नाही.

आणि पत्र लिहिलं होतं कोल्बेरला, हे विसरून चालणार नाही. चौदाव्या लुईच्या दरबारात त्या काळी राजाचे हक्क फुगवून सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. सगळी जमीन राजाचीच झाली तर आपलंही असंच वाळवंट होईल, हा इशारा बर्नियरने पत्रात पुरेसा उघड दिला आहे. मोगलांचं निमित्त करून तो फ्रेंच मंत्र्याला चार शब्द सुनावत होता. पुस्तक १६७० मध्ये छापून निघालं आणि युरोपभर गाजलं. इंग्रज कवी जॉन ड्रायडनने तर त्यावरून १६७५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘औरंगझेब’ नावाचं नाटक आणलं. त्यातला औरंगजेब सद्गुणी, पितृभक्त नायक! खुद्द औरंगजेब तेव्हा दिल्लीच्या तख्तावर होता, आणि शहाजहानला कैदेत मरण येऊन उणीपुरी दहा वर्षं झाली नव्हती.

फ्रेंच राजाला द्यायचा हा इशारा माँटेस्क्यूच्या हातात पडला आणि त्याचं शास्त्र झालं. १७४८ च्या ‘कायद्याचं मर्म’ या ग्रंथात त्याने राज्यांचे तीन प्रकार पाडले: प्रजासत्ताक, राजेशाही आणि जुलूमशाही. तिसऱ्या प्रकाराचा पाया भय, आणि त्याची हक्काची जागा आशिया. उष्ण हवेत माणसं भित्री होतात, हे कारणही जोडून दिलं. माँटेस्क्यू युरोपच्या बाहेर कधी गेला नव्हता. बर्नियर, इराण पाहिलेला शार्दें, इस्तंबूलला राहिलेला रायकॉट यांच्या प्रवासवर्णनांवर त्याने इमारत उभी केली. त्यांच्या पानांवर जे ‘मी पाहिलं’ होतं, ते त्याच्या पानावर ‘असं असतं’ झालं.

उलट साक्ष देणारे होते. इंग्रज वकिलाची बायको लेडी मेरी वर्टली मॉंटेग्यू १७१७ मध्ये तुर्कस्तानात राहिली. तुर्की बायकांचा पैसा त्यांच्या स्वतःच्या हातात राहतो, हे तिने पत्रांत लिहिलं. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला हा हक्क पुरता मिळायला १८८२ उजाडलं. इस्तंबूलला सोळा वर्षं वकील राहिलेल्या जेम्स पोर्टरने १७६८ मध्ये, सुलतानालाही धर्मकायद्याने बांधलेलं असतं, असं ठणकावून सांगितलं. पण सगळ्यांत घणाघाती जबाब आला तो आंकेतिल-द्युपेराँचा.

पॅरिसच्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. झेंद अवेस्ता शिकायची म्हणून फ्रेंच कंपनीच्या फौजेत शिपाई म्हणून नाव घालून १७५५ मध्ये हिंदुस्थानात आला. गोव्याहून घाट चढून मराठी मुलखातून, औरंगाबाद-वेरूळ पाहत तो सुरतेला गेला आणि तिथल्या पारशी दस्तुरांकडे शिकला. मराठी मुलूख त्याला विलक्षण आवडला. तिथल्या माणसांच्या साधेपणाचं आणि समाधानाचं त्याने केलेलं वर्णन थोडं भाबडंच म्हणावं लागेल. १७७८ मध्ये त्याने ‘पौर्वात्य कायदेव्यवस्था’ हा ग्रंथ काढला आणि तो हिंदुस्थानच्या जनतेला अर्पण केला. तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान या तिन्ही ठिकाणी राजा आणि प्रजा दोघांना बांधणारे लेखी कायदे आहेत, आणि लोकांना स्थावर-जंगम मालमत्तेची मालकी आहे, हे त्याने माँटेस्क्यूचेच आधार तपासून, खरेदी-विक्रीचे दाखले देत मांडलं. ‘सगळी जमीन राजाची’ या थापेचा फायदा कुणाला होतो, हेही त्याने सांगितलं. जिथे प्रजेचं काहीच नाही तिथे राजाला जिंकलं की सगळंच आपलं. बंगालची दिवाणी इंग्रज कंपनीने १७६५ मध्ये मिळवली होती, त्यामुळे हा मुद्दा नुसता पुस्तकी राहिला नव्हता.

आंकेतिलचं कुणी फारसं ऐकलं नाही. फ्रेंच असल्याने इंग्रजांना तो शत्रुपक्षाचा वाटला, आणि भाषा बोजड असल्याने फ्रेंच वाचकांनाही तो झेपला नाही. त्याच्या बाजूचा पुरावा शेवटी आला तो अनपेक्षित माणसाकडून. पेशवाई बुडवल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. इथल्या रयतेचा मोठा भाग मिरासदार आहे, सरकारसारा भरून जमीन त्यांचीच राहते, ती वारशाने जाते आणि विकताही येते, असं त्याने त्यात नोंदवलं. हा अहवाल १८२१ मध्ये कलकत्त्याला छापला गेला. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, जून १८५३ मध्ये, लंडनमध्ये बसलेल्या कार्ल मार्क्सने एंगल्सला पत्र लिहिलं: पूर्वेकडे जमिनीची खाजगी मालकी नाही हे बर्नियरने बरोबर ओळखलं आहे, आणि सगळ्याची गुरुकिल्ली तीच आहे.